झोपेतले पहारेकरी

भिवंडीतल्या टेमघरला माझे घर. लोकांना भूल घालणे हा माझा धंदा. घाबरू नका, डॉक्टर आहे मी! आमच्याकडची पोरे यंत्रमागांच्या खडखडाटात गाढ झोपतात आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून उठतात. झोपेतही कान जागा असतो तो असा.

भुलीखालच्या माणसाचा घसा तसाच जागा असतो. पाण्याचा थेंब आडवाटेला गेला की ठसका लागतो ना? तो स्वरयंत्रापाशी बसलेल्या पहारेकऱ्यांचा प्रताप. मोठ्या शस्त्रक्रियेत आम्ही श्वासनलिकेत नळी घालतो, तेव्हा हे पहारेकरी मेंदूला वर्दी देतात. ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. रीड आणि ब्रेस यांनी हे १९४० सालीच नोंदवले होते. धडधाकट माणसाला हा काही मिनिटांचा खेळ. पण हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्यांच्या तो जिवावर बेतू शकतो.

यावर एक साधा उपाय आहे: लिडोकेन. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली ते तयार केले. दात काढताना हिरडीत टोचतात ते बहुधा हेच.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचे पित्ताशय काढायचे होते. सत्तरी उलटलेली, रक्तदाब जुना, छातीतही कधीमधी कळ. "डॉक्टर, झोपेतच जाईन का हो मी?" त्यांनी हळूच विचारले. "जाल, आणि परतही याल," मी म्हणालो. पण काळजी मलाही होतीच.

भूल चढल्यावर दिव्याच्या वाकड्या पात्याने जीभ उचलली, स्वरयंत्रावर लिडोकेनचा फवारा मारला आणि थांबलो. औषध भिनायला दोनएक मिनिटे लागतात. तोवर मुखवट्यातून प्राणवायू देत राहिलो. सर्जनसाहेब घड्याळाकडे पाहत होते, मी नाडीकडे. मग नळी घातली. नाडी थोडी हलली आणि स्थिरावली.

फवारा रामबाण नव्हे. जीभ उचलण्याचा धक्का उरतोच, म्हणून इतर औषधांची जोड द्यावी लागते. मात्रा वजनावर मोजावी लागते. ती जास्त झाली तर झटके येऊ शकतात. शुद्धीवर येताच आजोबांनी चहा मागितला. पहारेकरी पुरते जागे होईपर्यंत तोही मिळाला नाही!

तेव्हा वाचकहो, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा रक्तदाब, छातीतली कळ, चालू गोळ्या, सगळे सांगा. भूल आम्ही घालू. तुम्ही मात्र आम्हाला भूल घालू नका!