नाशिकची थंडी आणि घरची बाग : कुंड्यांतली झाडं हिवाळ्यासाठी कशी तयार करायची?

डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या थंडीची बातमी आली की त्यात एक नाव हमखास असतं, ते म्हणजे निफाड. नाशिक शहरापासून साधारण ४० किलोमीटरवरच्या या तालुक्यात कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथे नोंदवलेला पारा अनेकदा राज्यातल्या नीचांकी तापमानांपैकी एक असतो. डिसेंबर २०१८ मध्ये तो २ अंशांच्या आसपास उतरला होता आणि परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आल्या होत्या. नाशिक शहरातली आजवरची सर्वात थंड नोंद तर ७ जानेवारी १९४५ ची, ०.६ अंश सेल्सिअस.

अशा रात्री चर्चा होते ती द्राक्षबागांची. थंडीने द्राक्षमण्यांची वाढ थांबते, मण्यांना तडे जातात आणि वर्षभराचा खर्च धोक्यात येतो. म्हणून बागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सुरू करतात. पण त्याच रात्री शहरातल्या गच्चीवर आणि बाल्कनीतही झाडं असतात. दारातली तुळस काळवंडते, अडेनियमचं खोड मऊ पडतं, टोमॅटोची फुलं गळून जातात. अनेकांना वाटतं, थंडीने झाडं मेली. प्रत्यक्षात यातलं बरंचसं नुकसान चुकीच्या वेळी घातलेल्या पाण्यामुळे आणि चुकीच्या जागी ठेवलेल्या कुंड्यांमुळे होतं.

मग हिवाळ्याआधी बागेत नेमकं काय करायचं? आणि का?

नाशिकला एवढी थंडी का पडते?

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि समुद्रापासून सह्याद्रीच्या पलीकडे. त्यामुळे हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. ढग असले तर ते गोधडीसारखं काम करतात आणि काही उष्णता अडवून धरतात. ढग नसतील आणि वाराही पडलेला असेल, तर पहाटेपर्यंत जमिनीलगतची हवा गार पडत जाते. उत्तरेकडून थंड वारे आले की त्यात भर पडते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हवामान विभागाचं तापमान जमिनीपासून थोड्या उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलं जातं. निरभ्र रात्री जमिनीलगतचं तापमान त्याहून काही अंशांनी कमी असू शकतं. म्हणजे मोबाइलवर ९ अंश दिसत असतील, तरी उघड्या गच्चीवरच्या फरशीवर ठेवलेली कुंडी त्याहून जास्त गारठलेली असू शकते. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना भोवतालच्या मातीची ऊब मिळते. कुंडीला मात्र चारही बाजूंनी गार हवा लागते.

आधी झाडांचे दोन गट करा

नाशिकचा हिवाळा म्हणजे बाग झोपी जाण्याचा काळ नाही. उलट अनेक झाडांसाठी वर्षातला हा सर्वात चांगला हंगाम आहे. म्हणून सगळ्या कुंड्यांना एकच नियम लावून चालत नाही.

पहिला गट थंडी आवडणाऱ्यांचा. यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, फ्लॉवर या भाज्या येतात. गुलाब, शेवंती, पिटुनिया, डेलिया, पॅन्सी ही फुलंही याच गटातली. त्यांना भरपूर ऊन, चांगली माती आणि नियमित खत लागतं.

दुसरा गट उबेत वाढणाऱ्यांचा. तुळस, मोगरा, जास्वंद, क्रोटन, मनी प्लांट, अडेनियम ही झाडं थंडीत मंदावतात. पानं पिवळी पडली, गळली, नवी फूट थांबली तर ते दरवेळी आजारपण नसतं. पण याच वेळी काळजीपोटी जास्त पाणी आणि खत घातलं जातं आणि तिथेच गडबड होते. वाढ थांबलेल्या झाडाला दिलेलं खत त्याला वापरता येत नाही. नत्रयुक्त खताने कोवळी फूट आलीच, तर थंडीचा पहिला फटका तिलाच बसतो. या गटाचं खत नोव्हेंबरअखेरपासून थांबवून फेब्रुवारीत पुन्हा सुरू करावं.

सूर्य सरकतो, कुंड्याही सरकवा

जूनमध्ये नाशिकला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरअखेर तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो. दिवसही जवळपास ११ तासांचाच उरतो.

याचा थेट परिणाम बाल्कनीवर होतो. दक्षिणेकडच्या बाल्कनीत पावसाळ्याआधी जिथे सावली होती, तिथे आता आतपर्यंत ऊन येतं. उत्तरेकडच्या बाल्कनीत मात्र थेट ऊन जवळपास बंद होतं. त्यामुळे फुलझाडं आणि भाज्या दक्षिणेला किंवा पूर्वेला हलवाव्यात आणि उत्तरेला सावलीत राहणारी झाडं ठेवावीत.

शेवंतीचं गणित थोडं वेगळं आहे. रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात. रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा किंवा बाल्कनीतल्या बल्बचा उजेड तिच्यावर पडत राहिला, तर कळ्या उशिरा येतात किंवा येतच नाहीत. सगळं करूनही शेवंती फुलत नसेल, तर कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन पाहावी. दिवसा मात्र तिला ऊन हवंच.

कोणतं काम कधी?

मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलांची नगरी होतं. आजही इथल्या घरोघरी गुलाबाची एखादी कुंडी असतेच. गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करतात. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढायच्या. उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरक्या कापायच्या. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. गावठी गुलाबाला मात्र हलकी छाटणी पुरते.

घाई करू नये, कारण अवकाळी पाऊस आता नवीन राहिलेला नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पावसासह गारपीट झाली होती. पाऊस किंवा ढगाळ हवा असेल, तर छाटणी चार दिवस पुढे ढकलावी. ओल्या कापातून बुरशी शिरते.

मातीचं काम याच सुमारास करावं. पावसाळ्यात कुंडीतली माती दबते आणि तळाची भोकं बुजतात. वरची दोन-तीन बोटं माती उकरून मोकळी करावी. त्यात गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर लिंबोळी पेंड मिसळावी. कुंडीत नुसती काळी माती असेल, तर कोकोपीट किंवा वाळू घालावी. काळी माती पाणी धरून ठेवते आणि थंडीत ती लवकर वाळत नाही.

पालेभाज्या नोव्हेंबरमध्ये पेरता येतात. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावेत. तिला उगवायला आठ-दहा दिवस किंवा जास्तही लागतात, त्यामुळे लगेच निराश होऊ नये. दर १५ दिवसांनी एक ट्रे पेरला तर भाजी टप्प्याटप्प्याने मिळत राहते.

टोमॅटोला उशीर चालत नाही. रात्रीचं तापमान १२-१३ अंशांच्या खाली राहू लागलं की परागीभवन बिघडतं आणि फुलं गळतात. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तयार रोपं आणून लावलेली बरी.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तुळशीला भरपूर मंजिऱ्या आलेल्या असतात. बी धरलं की झाड थकतं. मंजिऱ्या खुडून वाळलेलं बी कागदाच्या पुडीत जपून ठेवावं. जुनं झाड थंडीत गेलंच, तर उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच बियांतून नवी रोपं उभी राहतात.

शेतकरी पहाटे पाणी देतात, मग घरी का नाही?

हिवाळ्यात घरच्या बागेची सर्वात महागात पडणारी चूक इथे होते. द्राक्षबागेत पहाटे दिलं जाणारं पाणी बहुतेक वेळा विहिरीचं किंवा बोअरचं असतं. जमिनीखालचं पाणी थंडीच्या दिवसांतही बाहेरच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं. त्यामुळे बागेतल्या मातीला ऊब मिळते.

घरी मात्र पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून. ती टाकी रात्रभर उघड्या आकाशाखाली गारठलेली असते. पहाटे सहाला तेच पाणी कुंडीत ओतलं तर मुळांना ऊब नाही, गारठाच मिळतो. संध्याकाळी भरपूर पाणी घातलं तर माती रात्रभर गार आणि चिकट राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात.

म्हणून पाणी सकाळी ऊन आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास घालावं. त्याआधी बोटाची दोन पेरं मातीत घालून पाहावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. अडेनियम, कोरफड, स्नेक प्लांट यांची माती पूर्ण कोरडी झाल्यावर आणखी काही दिवस थांबलं तरी चालतं. पालेभाज्यांना मात्र ओल टिकवून ठेवावी लागते.

कडाक्याच्या रात्रींसाठी

अशा रात्री हंगामात मोजक्याच येतात, पण तयारी आधीच हवी. अंदाजात पारा ८ अंशांखाली दिसला तर नाजूक कुंड्या एकमेकींना चिकटवून, दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीलगत ठेवाव्यात. ती भिंत रात्री हळूहळू ऊब सोडते. कुंडीखाली लाकडी फळी किंवा थर्माकोल ठेवावा. मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटं थर द्यावा.

जुनी सुती साडी किंवा चादर काठ्यांवर अंथरून झाडांवर आडोसा करता येतो. प्लास्टिक वापरायचं असेल तर ते पानांना टेकू देऊ नये. ऊन आल्यावर आच्छादन काढावंच, नाहीतर आत ओल साचून बुरशी येते.

शेकोटीची नक्कल मात्र सोसायटीत नको. धुराचा त्रास शेजाऱ्यांना होतो आणि जाळलेला पालापाचोळा हेच तर कुंडीचं पांघरूण असतं.

मावा आणि भुरी

ढगाळ हवा आली की शेवंती आणि गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसतो. सुरुवातीला पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन निघतो. वाढला तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून फवारावं, तेही ऊन उतरल्यावर. पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी. अशी पानं काढून टाकावीत आणि कुंड्यांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर ठेवावं. थंडीच्या रात्री जवळ आणलेल्या कुंड्या म्हणूनच सकाळी पुन्हा लांब ठेवाव्यात.

गळून गेलेलं झाड टाकून देण्याआधी एकदा खोडाची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. त्याला पाणी कमी द्यावं आणि फेब्रुवारीपर्यंत थांबावं. मोगऱ्याची छाटणीही तेव्हाच करायची असते. उन्हं वाढू लागली की त्याच काड्यांवर नवी पालवी आणि मागोमाग कळ्या येतात.