ऑलमन ब्रदर्स: एकमेकांना ऐकणारी माणसं

मार्च १९६९मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात एका घरात काही तरुण वादक जमले. कुणी कुणाच्या ओळखीचं, कुणी नुसतं नाव ऐकून आलेलं. वाजवायला लागले ते तासन् तास थांबलेच नाहीत. अखेर हात थांबले, तेव्हा २२ वर्षांचा ड्वेन ऑलमन दारात जाऊन उभा राहिला. ज्याला या बँडमध्ये राहायचं नसेल त्याने आधी माझ्याशी दोन हात करावेत आणि मगच बाहेर पडावं, असं त्याने बजावलं. कुणीही जागचं हललं नाही.

ऑलमन ब्रदर्स बँडचा जन्म असा झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९७०च्या दशकात जे रॉक संगीत बहरलं, त्याला सदर्न रॉक म्हणतात. त्यात ब्लूज आहे, कंट्री आहे, चर्चमधलं गॉस्पेल आहे आणि बूगीची पायाला स्वस्थ बसू न देणारी लय आहे. लिनर्ड स्किनर्ड असो की मार्शल टकर बँड, पुढच्या बँडांसाठी वाट पाडली ती ऑलमन ब्रदर्सनी. पण मला हा बँड महत्त्वाचा वाटतो तो त्याहून मोठ्या कारणासाठी. ४५ वर्षांत त्याने आपले दोन खांब ऐन तारुण्यात गमावले, तो दोनदा मोडला, त्यातल्या माणसांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं, आणि तरीही त्याचं वाजवणं टिकलं. कारण ड्वेनने उभी केली ती वाजवण्याची एक पद्धत होती. स्टेजवरच्या प्रत्येकाने बाकीच्यांना सतत ऐकायचं आणि जे ऐकू येईल त्याला आपल्या वाद्यावर उत्तर द्यायचं. अशी पद्धत दुसऱ्याला शिकवता येते. म्हणूनच ती माणसांपेक्षा जास्त जगली.

ड्वेन १९४६चा, त्याचा धाकटा भाऊ ग्रेग १९४७चा. दोघांचाही जन्म नॅशव्हिलचा. वडील सैन्यात होते. १९४९च्या नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, गाडीत घेतलेल्या एका अनोळखी माणसाने त्यांचा खून केला. आई जेराल्डीन हिशेबनिशीचं शिक्षण घेऊ लागली आणि त्या काळात मुलांना लष्करी शिस्तीच्या निवासी शाळेत राहावं लागलं. पुढे कुटुंब फ्लोरिडातल्या डेटोना बीचला आलं. गिटार आधी धाकट्याकडे आली. ड्वेनकडे मोटारसायकल होती. ती त्याने मोडली आणि मग भावाच्या गिटारीवर हात ठेवला, तो कायमचा. १९६७मध्ये दोघे अवर ग्लास नावाचा बँड घेऊन लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या रेकॉर्ड कंपनीने काय वाजवायचं ते ठरवून दिलं, आणि नेमकं तेच ड्वेनला सोसवेना. ग्रेग तिथेच राहिला आणि ड्वेन दक्षिणेत परतला.

परतून तो अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत पोहोचला. नोव्हेंबर १९६८मध्ये गायक विल्सन पिकेट तिथे रेकॉर्डिंगला आला, तेव्हा बीटल्सचं ‘हे ज्यूड’ गाण्याची कल्पना ड्वेननेच मांडली. त्या गाण्याच्या शेवटी तो जे वाजवून गेला, ते ऐकून गिटारवादक एरिक क्लॅप्टनलाही हा कोण, असा प्रश्न पडला. जॉर्जियातल्या मेकन शहरातल्या फिल वॉल्डनचेही कान तिथेच टवकारले. वॉल्डन हा गायक ओटिस रेडिंगचा मॅनेजर. डिसेंबर १९६७मध्ये विमान अपघातात रेडिंग गेला होता आणि वॉल्डन नव्या सुरुवातीच्या शोधात होता. ड्वेनला हाताशी धरून त्याने १९६९मध्ये मेकनमध्येच कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स ही कंपनी उभी केली.

रेडिंगच्या संचात वाजवलेला एक ड्रमर ड्वेनबद्दल ऐकून मसल शोल्सला आला होता. मिसिसिपीचा हा कृष्णवर्णीय वादक म्हणजे जेमो. त्याचं मन जॅझमध्ये होतं. माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या रेकॉर्ड त्याने बाकीच्यांना पुन्हापुन्हा ऐकवल्या. एकच स्वरसमूह धरून कितीतरी वेळ नवं बोलत राहायचं, हे या रॉक वादकांनी तिथून उचललं. शिकागोहून आलेला बेरी ओकली बेसवर होता, दुसऱ्या गिटारीवर डिकी बेट्स आणि दुसऱ्या ड्रमवर जॅक्सनव्हिलचा बुच ट्रक्स. गाणारा तेवढा नव्हता. ड्वेनने लॉस एंजेलिसला फोन लावला आणि ग्रेगला बोलावून घेतलं. विशीतल्या या मुलाचा आवाज आयुष्य सोसून झालेल्या माणसासारखा होता, आणि हातात हॅमंड ऑर्गन होता.

आता यांची घडण नीट पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

त्या काळच्या बहुतेक रॉक बँडांत एक गिटार पुढे गाते आणि दुसरी मागे ताल धरते. इथे दोन्ही गिटारी पुढच्या. ड्वेन ब्लूजमध्ये मुरलेला, तर बेट्सचे कान कंट्रीच्या फिडलवर पोसलेले. दोघे एकच धून दोन वेगळ्या पट्ट्यांवर, स्वरांचं ठरावीक अंतर राखून एकत्र वाजवत. मग एक जण निसटून पुढे जाई, दुसरा त्याच्या मागावर राही आणि ठरल्या जागी दोघे पुन्हा एक होत. ड्वेनची स्लाइड ही आणखी वेगळी चीज. औषधाची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तो ती तारांवरून फिरवायचा. त्यातून निघणाऱ्या सुरात मींड असे, कंप असे, माणसाच्या गळ्याची आर्तता असे.

ड्रमही दोन, पण एकाची नक्कल दुसरा करत नसे. बुच सरळ, दणकट लय पुढे रेटायचा. सोबती त्याला मालगाडीच म्हणत. जेमो त्या लयीच्या फटींत हलक्या हाताने नक्षी भरायचा. ओकलीचा बेस खाली नुसता टेका देत बसत नसे, तिसऱ्या गिटारीसारखा संभाषणात उतरायचा. ग्रेगचा ऑर्गन या सगळ्याला धरून ठेवायचा.

‘व्हिपिंग पोस्ट’ हे ग्रेगचं गाणं ऐकावं. रात्री ते सुचलं तेव्हा हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने जळक्या काड्यांनी इस्त्रीच्या पाटाच्या कापडावर शब्द लिहून काढले. त्याचा सुरुवातीचा तुकडा ११ मात्रांचा आहे: ३, ३, ३ आणि २. ग्रेगने हिशेब केला नव्हता. हे ११ आहे, असं ड्वेनने त्याला सांगितलं. आपल्याकडे बोटांवर मात्रा मोजत बसणाऱ्या श्रोत्याला हे गाणं आपलंसं वाटायला वेळ लागत नाही.

मेकनला आल्यावर सहा जणांचं एक मोठं कुटुंबच झालं. जानेवारी १९७०मध्ये व्हाइनव्हिल अव्हेन्यूवरचं एक मोठं जुनं घर भाड्याने घेतलं गेलं. त्याला सगळे बिग हाउस म्हणत. तिथे काही जण बायकामुलांसह राहत, तिथेच तालमी होत. खिशात पैसे नसत, तेव्हा एच अँड एच या खाणावळीच्या लुईस हडसन त्यांना जेवू घालत. कृष्णवर्णीय स्त्रीची ती खाणावळ आणि तिच्या टेबलावर लांब केसांची गोरी पोरं जेमोच्या शेजारी बसलेली. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन दोन वर्षंही न उलटलेल्या जॉर्जियात हे दृश्य अनेकांच्या डोळ्यांत खुपणारं होतं. बँडने त्यावर भाषणं दिली नाहीत. त्यांनी संच तसाच ठेवला आणि तो घेऊन ते देशभर हिंडले. १९७० साली वर्षातले जवळजवळ ३०० दिवस ते दौऱ्यावर होते.

या दौऱ्यांनीच त्यांना घडवलं. पहिले दोन अल्बम फारसे खपले नव्हते, कारण त्यांचं संगीत स्टुडिओच्या चार मिनिटांत मावत नव्हतं. म्हणून मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या थिएटरात थेट कार्यक्रमच ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. निर्माता होता टॉम डाउड. रात्री कार्यक्रम आटोपला की सगळे स्टुडिओत जाऊन टेप ऐकत, काय जमलं आणि काय पुन्हा वाजवायचं ते ठरवत. जुलैमध्ये ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ हा दोन रेकॉर्डचा अल्बम आला. त्यात अवघी ७ गाणी होती आणि ‘व्हिपिंग पोस्ट’ एकटं २३ मिनिटांचं. ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही बेट्सची रचनाही त्यात आहे. तिचं नाव त्याने मेकनच्या रोझ हिल कबरस्तानातल्या एका शिळेवरून घेतलं होतं. वादकांची तिथे नेहमी बैठक असे. ऑक्टोबरमध्ये अल्बमला गोल्ड मान्यता मिळाली. कष्टांचं चीज झालं होतं.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय २४. पुढच्या वर्षी, ११ नोव्हेंबर १९७२ला, तिथून काहीशे मीटरवर ओकलीच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि तोही गेला. त्याचंही वय २४च. दोघेही रोझ हिलमध्ये शेजारी-शेजारी विसावले आहेत.

इथे बहुतेक बँड संपले असते. ड्वेन गेल्यावर उरलेले पाच जण मात्र त्याच्या जागी कुणालाही न घेता दौऱ्यावर निघाले आणि बेट्सने स्लाइडचा भार उचलला. ओकलीनंतर जेमोचा जुना मित्र लमार विल्यम्स बेसवर आला. दुसरी गिटार कुणी घेतलीच नाही. तिच्या जागी चक लिव्हेल हा तरुण पियानोवादक आला. गेलेल्या माणसाची नक्कल शोधायची नाही, नव्या माणसाला त्याचं स्वतःचं बोलू द्यायचं, हा त्यांचा निर्णय मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. १९७३च्या ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’मधलं ‘रॅम्बलिन मॅन’ बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि ‘जेसिका’मध्ये पियानो आणि गिटार यांनी जुन्या दोन गिटारींचा संवाद नव्याने जुळवला. त्याच वर्षी जुलैत वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड आणि द बँड यांच्यासोबत त्यांनी वाजवलं, तेव्हा सुमारे ६ लाख लोक जमले होते.

जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले, तेव्हा त्यांना देशात फारसं कुणी ओळखत नव्हतं आणि प्रचाराला पैसाही नव्हता. नोव्हेंबर १९७५मध्ये ऑलमन ब्रदर्सनी त्यांच्यासाठी प्रॉव्हिडन्समध्ये मदतनिधीचा कार्यक्रम केला. कार्टर यांनी हे ऋण पुढे उघडपणे मान्य केलं.

पण यशासोबत आलेल्या अमली पदार्थांनी घर आतून पोखरलं. १९७६मध्ये ग्रेगने न्यायालयात बँडच्याच एका कर्मचाऱ्याविरुद्ध साक्ष दिली. त्या माणसाला ७५ वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती बरीच कमी झाली, पण बाकीच्यांनी ग्रेगशी संबंध तोडले आणि बँड मोडला. १९७८मध्ये मनं जुळली, १९७९मध्ये कॅप्रिकॉर्न दिवाळखोरीत गेली आणि १९८२मध्ये बँड पुन्हा विस्कटला. एकमेकांचा सूर अचूक ऐकणाऱ्या या माणसांना एकमेकांचं दुःख वेळेवर ऐकू आलं नाही, याची हळहळ त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला वाटते.

सदर्न रॉकचे इतर बँड टिकले ते वेगळ्या वाटांनी. जॅक्सनव्हिलच्याच लिनर्ड स्किनर्डचं विमान २० ऑक्टोबर १९७७ला मिसिसिपीत कोसळलं आणि गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स व त्याची गायिका बहीण कॅसी गेले. १० वर्षांनी रॉनीच्या धाकट्या भावाला गायला घेऊन उरलेले पुन्हा उभे राहिले. टेक्सासच्या झीझी टॉपने बूगीची साधी, घट्ट लय धरली आणि १९७०पासून २०२१मध्ये डस्टी हिलचं निधन होईपर्यंत तेच तिघे एकत्र वाजवत राहिले. कुणी गाणी जपून टिकलं, कुणी माणसं जपून. ऑलमन ब्रदर्सना यातलं दुसरं साधलं नाही, आणि पहिल्यावर त्यांचं समाधान नव्हतं.

१९८९मध्ये ते पुन्हा एकत्र आले ते वॉरन हेन्स या नव्या गिटारवादकाला घेऊन. त्यानंतर न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात दर मार्चच्या सुमारास त्यांचे कार्यक्रम हा वार्षिक रिवाजच झाला. २००हून जास्त प्रयोग झाले, आणि तिकिटं नेहमी संपलेली. २०००मध्ये बेट्सला बाहेर काढलं गेलं, तो जुना घाव पुन्हा चिघळला. पण १९९९मध्येच बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स विशीत बँडमध्ये आला होता. तो ९ वर्षांचा असल्यापासून स्लाइड वाजवत होता. ड्वेनची भाषा त्याला अवगत होतीच. त्यापलीकडे त्याने अली अकबर खाँसाहेबांचं सरोद मन लावून ऐकलं आणि कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या संगीत विद्यालयात जाऊन तो शिकलाही. त्याच्या स्लाइडमधली मींड आपल्या कानाला ओळखीची वाटते ती यामुळे. एखाद्या घराण्याची गायकी पुढच्या पिढीतला गुणी शिष्य जशी आपल्या अंगाने वाढवतो, तसं ड्वेनचं वादन डेरेकच्या हातात वाढलं.

२८ ऑक्टोबर २०१४ला बीकनमध्ये शेवटचा कार्यक्रम सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून २९ तारखेत, ड्वेनच्या स्मृतिदिनी, संपला. अखेरचं गाणं होतं मडी वॉटर्सचं ‘ट्रबल नो मोअर’. १९६९मध्ये सहा जणांनी मिळून पहिल्यांदा वाजवलेलं गाणं तेच. २०१७मध्ये बुच आणि ग्रेग गेले, एप्रिल २०२४मध्ये बेट्स. मूळ सहांपैकी मागे उरला एकटा जेमो. बिग हाउस आता संग्रहालय आहे आणि कॅप्रिकॉर्नचा स्टुडिओ मेकनच्या मर्सर विद्यापीठाने दुरुस्त करून पुन्हा चालू केला आहे. तिथे नवी पोरं रेकॉर्डिंग करतात.

या बँडची ओळख करून घ्यायची असेल, तर ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’पासून सुरुवात करावी आणि तो एकदा ऐकून सोडू नये. एकदा फक्त दोन गिटारी ऐकाव्यात, एकदा नुसता ओकलीचा बेस, एकदा दोन ड्रम आणि त्यांच्यातला फरक. मग सगळं एकत्र ऐकावं. कुणीही कुणाच्या पुढे जायला धडपडत नाही आणि तरीही प्रत्येक जण पूर्ण ताकदीने वाजवतो, हे तेव्हा लक्षात येतं. रॉक संगीतात मोठे आवाज पुष्कळ झाले. इतके मोठे कान फार थोड्यांना लाभले.