सातवे काडतूस

१९३६ साली अमेरिकन सैन्याने जॉन गॅरंड यांनी रचलेली एम-१ रायफल अधिकृतपणे स्वीकारली आणि पुढल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शिलेखान्यात तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. परंतु कसून घेतलेल्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेली हीच रायफल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागताच तिच्यात एक विलक्षण दोष प्रकट झाला. आठ काडतुसांच्या क्लिपमधील पहिली सहा निर्वेध सुटत, आणि सातवे मात्र पुष्कळदा चेंबरच्या तोंडाशी तिरपे होऊन अडकून बसे. पाचवे नाही, आठवेही नाही, नेमके सातवेच का, हा प्रश्न ज्याने एकदा मनावर घेतला त्याला यंत्रातील दोषांकडे पाहण्याची एक निराळीच दृष्टी लाभते, अशी माझी समजूत आहे.

एम-१ सारख्या अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते. पण त्यानंतरची सारी चाकरी बंदूक स्वतःच करते. गोळी नळीतून धावत असता तिच्यामागे कोंडलेल्या वायूचा अल्प अंश नळीच्या तोंडाजवळील बारीक छिद्रातून खालच्या सिलिंडरमध्ये उतरतो, तेथील दट्ट्याला मागे लोटतो, आणि दट्ट्याशी एकजीव असलेला लांब दांडा, म्हणजे ऑपरेटिंग रॉड, बोल्टला फिरवून मोकळा करतो व मागे ओढून नेतो. या मागल्या प्रवासात रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, हातोडी मागे जाऊन अडकते आणि स्प्रिंग आवळली जाते. तीच स्प्रिंग मग उलटून बोल्टला पुढे ढकलते, व वाटेत बोल्टचे मुख चळतीतील सर्वांत वरच्या काडतुसाला बुडाशी धरून चेंबरमध्ये नेऊन बसवते. बोल्ट काडतुसाच्या बुडाच्याही मागे पुरेसा गेला पाहिजे, आणि तो परतण्यापूर्वी चळत वर सरकून आपल्या जागी आली पाहिजे, या दोन अटींपैकी एक जरी चुकली तरी काडतूस अडते; आणि ज्या जागी ते अडते त्या जागी दोष असतोच असे मात्र मुळीच नाही.

एम-१ च्या बाबतीत हे काम आणखी अवघड होण्यास एक सरकारी निर्णय कारण झाला होता. गॅरंड यांचा त्यापूर्वीचा नमुना ०.२७६ इंची लहान काडतुसासाठी बेतलेला असून त्याच्या क्लिपमध्ये दहा काडतुसे मावत; परंतु कोठारांत ०.३० इंची काडतुसांचा अवाढव्य साठा पडून असल्याने १९३२ साली सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी नवे काडतूस नामंजूर केले. जुने काडतूस सुमारे ८५ मिलिमीटर लांब. तेवढा पल्ला ओलांडून बोल्टला प्रत्येक वेळी मागे जावे लागणार, आणि क्लिपची क्षमता आठावर येणार, हे ओघानेच आले.

या रायफलींचे एकूण उत्पादन ५४ लाखांच्या आसपास गेले. महायुद्धानंतर त्या अनेक मित्रराष्ट्रांच्या सैन्यांत वाटल्या गेल्या, आणि ग्रीस व डेन्मार्क या देशांतून परत आलेल्या रायफली पुढे अमेरिकेत सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम या संस्थेमार्फत नेमबाजांना विकल्या गेल्या. आपल्याकडे अशी बंदूक सामान्य नागरिकाच्या हाती सहसा येत नाही. तेथे मात्र सत्तर-ऐंशी वर्षे वयाची रायफल घेऊन मैदानावर उभा राहिलेला हौशी नेमबाज ‘काडतूस चढत नाही’ ही तक्रार घेऊन जाणत्या आर्मोररकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, जातो, तेव्हा तो आर्मोरर काडतुसाकडे सर्वांत शेवटी पाहतो.

प्रथम तो रिकाम्या रायफलीतील स्प्रिंग काढून ठेवतो, दांडा व बोल्ट पुन्हा जागेवर बसवतो, आणि बंदूक पुढे-मागे कलती करतो. दांड्याने आपल्याच वजनाने दोन्ही दिशांना सहज घसरले पाहिजे. मध्येच तो थबकला तर तो लाकडाला घासतो आहे, वाकला आहे, किंवा कित्येक दशके कोठारात पडून घट्ट झालेले ग्रीस कोपऱ्यात शिल्लक आहे, असे समजावे. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते, ती ही की या दांड्याला मुळातच एक बाक दिलेला असतो. तो अपघाताने आला आहे अशा समजुतीने जे उत्साही लोक त्याला सरळ करू पाहतात, ते चांगला दांडा कायमचा निकामी करतात.

मग पाळी येते दट्ट्याची. त्याचा व्यास ०.५२५ इंचाखाली गेला, किंवा सिलिंडरचा अंतर्व्यास ०.५३२ इंचापुढे गेला, की वायू फटीतून निसटू लागतो आणि बोल्ट अर्ध्या वाटेवरून परततो. इंचाच्या हजाराव्या भागांत मोजावयाचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते एवढेच की पुंगळी बाहेर पडली आणि नवे काडतूस आले नाही. आपल्या सैन्याने दीर्घकाळ वापरलेल्या एसएलआर रायफलीत वायूचे प्रमाण कमी-अधिक करण्याची सोय असते. मूळच्या एम-१ मध्ये तशी तजवीज नसल्याने झीज झालेला भाग बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

परंतु या रायफलीतील सर्वांत चिंतनीय वस्तू, माझ्या मते, तिची स्प्रिंग आहे. सामान्यतः बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग एक आणि काडतुसे वर उचलणारी दुसरी अशी व्यवस्था असते. गॅरंड यांनी मात्र दोन्ही कामे एकाच लांब स्प्रिंगवर सोपवली. तिचे पुढचे टोक दांड्याला रेटते, मागचे टोक तरफांच्या साह्याने चळतीला वर उचलते. भागांची संख्या कमी करणारी ही रचना अत्यंत सुंदर आहे. पण तिचा परिणाम असा की नवी असता सुमारे २० इंच लांब असलेली ही स्प्रिंग थकून १९ इंचांखाली आली म्हणजे बोल्टही दुबळा होतो आणि चळतही सुस्त होते, व तपासणारा माणूस दोन निरनिराळे रोग समजून दोन निरनिराळे उपाय करीत बसतो. किरकोळ किमतीची ही वस्तू आरंभीच बदलून टाकणे शहाणपणाचे.

क्लिपचे ओठ वाकले असतील तर ती फेकून द्यावी. याहून अधिक त्याविषयी लिहिण्यासारखे नाही. दारूविषयी मात्र लिहिले पाहिजे. ही रायफल सुमारे १५० ग्रेन वजनाच्या गोळीसाठी आणि मध्यम गतीने जळणाऱ्या दारूसाठी जुळवलेली असून, शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या काही जड गोळ्यांमागची दारू सावकाश जळते. त्यामुळे गोळी छिद्रापाशी पोहोचेपर्यंत दाब अपेक्षेपेक्षा अधिक उरतो, दांडा वाजवीपेक्षा जोराने मागे फेकला जातो आणि कालांतराने वाकतो. अशा वेळी अधिक शक्तीच अडथळ्याला कारण होते. शिवाय भरणीची परीक्षा नेहमी निर्जीव नकली काडतुसांनीच करावी, कारण या रायफलीची फायरिंग पिन कोणत्याही स्प्रिंगने मागे धरलेली नसते, आणि जोराने मिटणाऱ्या बोल्टबरोबर ती पुढे सरकून जिवंत काडतुसाच्या टोपीला स्पर्श करू शकते.

आता सातव्या काडतुसाकडे वळू. तेथे स्प्रिंग नवी होती, दट्टे अचूक मापाचे होते, आणि दारूतही खोट नव्हती. अखेर चाचणीसाठी हाताने घडवलेल्या रायफली आणि यंत्रावर निघालेल्या रायफली यांची तुलना केली असता असे आढळले की मोठ्या उत्पादनासाठी हत्यारे जुळवताना रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट व चळत ज्यात बसते त्या सांगाड्याच्या, आतील, काडतुसांना वाट दाखवणाऱ्या कडांचा थोडासा धातू कापला गेला होता. चळत भरलेली असताना काडतुसे एकमेकांना सावरून धरीत; खाली एकच काडतूस उरले असता सातव्याला त्या कडेचाच आधार हवा असे, आणि नेमका तोच नाहीसा झालेला होता. पुढील रिसीव्हरांची घडण सुधारण्यात आली, आणि आधी तयार झालेल्या हजारो रिसीव्हरांत कापलेल्या जागी वेल्डिंगने धातू पुन्हा चढवण्यात आला. आरंभीच्या क्रमांकाची एखादी रायफल संग्राहकाच्या हाती आली की तो तिच्या पोटात दिवा धरून प्रथम ती कड पाहतो, आणि तेथे जोडकामाची खूण दिसली म्हणजे ही रायफल एकदा शिलेखान्यात दुरुस्तीसाठी परत गेली होती, हे त्याला कळते.