लिहिणारीचा वेळ कोणी राखला?

"मलाही काहीतरी करायचं होतं, पण घरातून वेळच मिळाला नाही," हे वाक्य आम्ही गटाच्या बैठकीत कितीदा ऐकतो! म्हणून आज एका लेखिकेच्या घराविषयी सांगतो. तिच्या प्रेमकथा दोनशे वर्षांनंतरही जगभर वाचल्या जातात. तिचं नाव जेन ऑस्टिन. घर होतं इंग्लंडमधल्या चॉटन नावाच्या खेड्यात.

जेनचं लग्न झालेलं नव्हतं. वडील धर्मगुरू होते. १८०५ साली ते वारले आणि मिळकत आटली. आई, थोरली बहीण कॅसांड्रा आणि जेन नातेवाइकांच्या आधारानं कधी या गावी, कधी त्या गावी राहिल्या. अशा फिरस्तीत लिहिणं जवळजवळ थांबलं. १८०९ साली तिच्या सधन भावानं चॉटनचं घर राहायला दिलं. तिथं आई, दोघी बहिणी आणि मार्था लॉइड ही मैत्रीण, अशा चौघी एकत्र राहू लागल्या.

या घरात कामाची वाटणी होती. सकाळी नऊची न्याहारी जेनकडे. चहा-साखरेचा साठा सांभाळणंही तिच्याकडेच. बाकीचा घरसंसार कॅसांड्रा आणि मार्था बघत. मार्थाची पाककृतींची वही आजही जपून ठेवलेली आहे. आई बागेत राबे, बटाटे काढी. घरात नोकरमाणसंही होती, हे खरं. पण न्याहारीनंतर जेनचे हात मोकळे राहत, ते घरातल्या बायकांनी भार उचलल्यामुळे.

तिला लिहायला वेगळी खोली नव्हती. खिडकीजवळ एक लहानसं बाराकोनी टेबल, तेवढीच जागा. कोणी आलं तर चटकन झाकता यावेत म्हणून ती छोट्या कागदांवर लिही. तिच्या भाच्यानं लिहून ठेवलंय, की एक दार करकरायचं, पण जेन ते दुरुस्त करू देत नसे. दार वाजलं की कोणीतरी येतंय हे तिला कळे.

ही घडी विस्कटली की काय होतं, तेही तिनंच सांगितलंय. १८१६ साली कॅसांड्रा बाहेरगावी होती आणि घरी पाहुणे येऊन गेले. तेव्हा जेननं बहिणीला कळवलं, की डोक्यात मटण आणि औषधाच्या मात्रा भरलेल्या असताना लिहिणं अशक्यच वाटतं.

तिचं पहिलं पुस्तक १८११ साली निघालं. त्यावर नाव नव्हतं, फक्त 'एका स्त्रीकडून' एवढंच. १८१३ साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' छापून आलं. पाच मुलींच्या घराची ही गोष्ट. घराला मुलगा नाही, म्हणून वडिलांमागे सगळी मालमत्ता एका पुरुष नातेवाइकाकडे जाणार! पुस्तक हाती आलं त्याच दिवशी शेजारची एक बाई जेवायला आली होती. मायलेकींनी तिला ते वाचून दाखवलं. लिहिणारी समोरच बसलीय, याची तिला कल्पनाही नव्हती.

आता पैशाचं बघू. पहिलं पुस्तक जेननं स्वतःच्या जोखमीवर छापलं होतं, त्यात तिला १४० पौंड सुटले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क मात्र तिनं ११० पौंडांना कायमचे विकले. मागितले होते १५०. पुस्तक खपलं, पुन्हा छापलं गेलं, पण तो नफा प्रकाशकाला मिळाला. पापड असो की गोधडी, कायमचा सौदा करण्याआधी आपणही दोनदा विचार करायला हवा, तो यासाठीच.

१८१७ साली, वयाच्या ४१व्या वर्षी जेन गेली. तिच्या थडग्यावरच्या दगडावर तिच्या पुस्तकांचा उल्लेखसुद्धा नव्हता. कॅसांड्रा आणि मार्थाच्या कामाचा उल्लेख कोण करणार?

आपल्या गटातही कोणी शिवण शिकतेय, कोणी दहावीला बसतेय, कोणी ओव्या लिहून ठेवतेय. तिला शाबासकी द्याच, पण तेवढ्यानं भागत नाही. तिचं पोर तासभर कोण सांभाळेल, दळण कोण आणेल, हे पुढच्या बैठकीत नावानिशी ठरवा. आणि ज्या मदत करतील, त्यांचीही नावं वहीत लिहा.