परवानगीचा साक्षीदार

आर्थिक घोटाळ्याच्या खटल्यात सगळ्यांत वाईट दिवस कुणाचा जात असेल, तर मंजुरी देणाऱ्या सचिवाचा. त्याने पैसे घेतलेले नसतात, कुणाला घेताना पाहिलेलंही नसतं. मंत्र्याबरोबर आरोपी असलेल्या अधिकाऱ्यांवर खटला भरायला सरकारची हरकत नाही, एवढ्याच कागदावर त्याची सही असते. साक्षीची वेळ येईपर्यंत तो बहुधा निवृत्त झालेला असतो. पिंजऱ्यात उभं राहून तो मंजुरीचा आदेश हातात घेतो, सही आपलीच म्हणून सांगतो, कागदाला निशाणी क्रमांक पडतो आणि सरकारी वकील खाली बसतात. सरतपास झाला. मग बचावाचे वकील उठतात.

कोर्टाच्या बातम्या करताना हा उलटतपास इतक्या वेळा ऐकलाय की प्रश्नांचा क्रम पाठ झालाय. प्रस्तावाबरोबर कागद किती आले होते? सगळे वाचलेत? ऑफिसात की घरी? त्या आठवड्यात अधिवेशन चालू होतं ना? टिपणी कक्ष अधिकाऱ्याने लिहिली, हे खरं? आदेशाचा मसुदा लाचलुचपत प्रतिबंधक विभागानेच पाठवला होता? आणि शेवटी, आवाज खाली आणून: त्या मसुद्यात आणि तुमच्या आदेशात काय फरक आहे, तेवढं दाखवता का? साक्षीदार दोन्ही कागद शेजारी धरतो. बराच वेळ पाहतो. लघुलेखिका थांबलेली असते. अखेर जबाबात एक ओळ पडते: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी कागदपत्रे न वाचता सही केली.’

एका सचिवाला मात्र कुणी हलवू शकलं नाही. कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीखाली त्याने स्वतःच्या हाताने सहा-सात ओळी लिहिल्या होत्या. बँकेच्या उताऱ्यातलं कुठलं पान त्याला खटकलं, तेही नोंदवलं होतं. वकिलांनी ते पान उघडलं आणि विषय बदलला. त्या सहा-सात ओळी लिहायला दहा मिनिटंही लागली नसतील. बाकीच्यांना ती का मिळत नाहीत?

मंजुरीची ही तरतूद वाईट हेतूने आलेली नाही. ज्याचं बिल अडवलं तो प्रत्येक ठेकेदार अधिकाऱ्याला कोर्टात खेचू लागला, तर फायलीवर सही करायला कोणी धजणार नाही. मंजुरीत चूक निघाली तरी न्यायाची हानी झाल्याशिवाय शिक्षा रद्द करू नये, असंही कायदा सांगतो. तरी बचाव पक्ष आपलं सगळं बळ या कागदावर लावतो, कारण पैसे कुठे गेले या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा तो विचारायची परवानगी कुणी दिली यावर भांडणं सोपं आणि लांबणारं असतं.

किती लांबणारं, ते पाहायला माजी मुख्यमंत्री अंतुल्यांचा खटला वाचावा. सिमेंट तेव्हा नियंत्रणाखाली होतं. बिल्डरांनी अंतुल्यांच्या ट्रस्टला देणगी दिली की त्यांना सिमेंटचा कोटा मिळतो, असा आरोप 1981 मध्ये अरुण शौरींनी ‘इंडियन एक्सप्रेस’मधून केला. जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी उच्च न्यायालयात देणगी आणि कोटा यांचा संबंध जोडला आणि बॅ. अंतुले मुख्यमंत्रिपदावरून गेले. ते दिवाणी बाजूचं प्रकरण. फौजदारी खटला भाजपचे रामदास नायक यांच्या खासगी फिर्यादीवर उभा राहिला. राज्यपालांनी मंजुरी दिली, तीही फिर्यादीतल्या मोजक्या बाबींपुरती. जुलै 1983 मध्ये विशेष न्यायाधीशांनी आरोपीला दोषमुक्त केलं: अंतुले अजून आमदार आहेत, म्हणून विधानसभेची मंजुरी हवी.

फेब्रुवारी 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. आमदार त्या अर्थाने लोकसेवक नव्हे आणि ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पदच सुटलं असेल तर मंजुरीही लागत नाही, असं सांगून खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. लवकर संपावा म्हणून. तिथे 57 साक्षीदार तपासले गेले. सुचवलेल्या 43 पैकी 21 दोषारोप ठेवले गेले. उरलेल्यांसाठी नायक पुन्हा दिल्लीला गेले, शेवटी दोषारोपांची संख्या 79 झाली. आणि एप्रिल 1988 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवलं की, मुळात उच्च न्यायालयाकडे खटला सोपवणंच चूक होतं, आरोपीचा अपिलाचा एक टप्पा त्यात बुडाला. खटला परत विशेष न्यायाधीशाकडे. मुद्दा चुकीचा नव्हता. पण घाई करायला म्हणून काढलेल्या आडवाटेनेच चार वर्षं खाल्ली. डिसेंबर 1991 मध्ये पुन्हा अंतुल्यांच्याच नावाच्या निकालात खटल्यांना ठरावीक कालमर्यादा घालता येणार नाही, असं ठरलं. देणगी आणि सिमेंट एव्हाना बाजूलाच पडलं होतं.

मंजुरी हा एकच अडसर आहे, असं मात्र नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचा रोखे घोटाळा 2002 मध्ये उघड झाला, त्यात सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली ती 22 डिसेंबर 2023 ला. आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं.

एवढी वर्षं असा खटला जिवंत कोण ठेवतं? वकील बदलतात, न्यायाधीशांच्या बदल्या होतात. टिकतो तो खटल्याचा पाठपुरावा करणारा पैरवी हवालदार. कुठला पंच गाव सोडून गेला, कुठला बँक मॅनेजर वारला, मूळ व्हाउचर कुठल्या कपाटात आहे, हे त्याच्या वहीत असतं. असे एक हवालदार मला म्हणाले, ‘‘साहेब, आरोपी म्हातारा होतो ते बरं. साक्षीदार म्हातारा झाला की आमचं काम संपलं.’’

2018 मध्ये संसदेने मंजुरीचा कायदा बदलला. पद सुटलेल्यांसाठीही मंजुरी आवश्यक झाली, म्हणजे 1984 साली मिळालेली वाट बुजली. शिवाय अधिकाराच्या पदावर असताना घेतलेल्या निर्णयाबद्दलचा आरोप असेल, तर आता चौकशी सुरू करण्याआधीच सरकारची मान्यता लागते. परवा एका खटल्याच्या साक्षीदारांच्या यादीत या पहिल्या मान्यतेसाठी वेगळं नाव दिसलं. मंजुरीवाले सचिव त्याच्या खाली. सरकारी वकिलांनी दोघांना एकाच दिवशी बोलावायचं ठरवलंय. बचावाच्या वकिलांनी त्या दिवसासाठी मुदतीचा अर्ज आधीच देऊन ठेवलाय.