नवी अलॉय आणि लुकलुकणारा दिवा

गेल्या दिवाळीत बोनस आला आणि दादाने त्याच्या एसयूव्हीला नवी अलॉय घातली. कंपनीची सतरा इंची चाकं उतरली, अठरा इंची काळीभोर चकचकीत चाकं चढली. सोसायटीतल्या पोरांनी फोटो काढले, वहिनीने "हप्ता कोण भरणार?" असं विचारून घेतलं. आणि दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा! घोड्याच्या नालासारखं चित्र, मध्ये उद्गारचिन्ह. टीपीएमएस, म्हणजे टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम.

दुकानात फोन लावला. "हवा कमी असेल ताई, भरून घ्या, जाईल." चारही चाकांत ३३ पीएसआय भरली. दिवा जैसे थे. पुन्हा फोन. "मग इग्नोर मारा, सगळ्यांच्याच गाडीत लागतो." दादाने दिव्यावर काळी टेप चिकटवली. प्रॉब्लेम खल्लास!

जानेवारीत आई-बाबांना घेऊन आम्ही वाईला निघालो. शिरवळ मागे पडलं आणि वहिनी म्हणाली, "अरे, गाडी डावीकडे ओढतेय का?" खंबाटकीच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबलो. पुढच्या डाव्या टायरमध्ये हवा उरली होती १४ पीएसआय. खिळा घुसला होता. टायरला हात लावला तर चटका बसला. पुढे घाट, गाडीत पाच माणसं. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त पुढे वाकून त्यांनी ती टेप काढून टाकली.

तर मंडळी, हा दिवा दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो आणि आपण सगळे त्या एकच समजतो. गाडी सुरू केल्यावर दोन-चार सेकंद लागून विझला, तर सगळं आलबेल. लागला आणि तसाच राहिला, तर हवा कमी. पण आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर हवेचा संबंधच नाही, सिस्टिमच आंधळी झालीय. आमचा दिवा रोज सकाळी लुकलुकत होता. खिळा घुसला तेव्हा तो वेगळं काय सांगणार होता?

कारण अगदी साधं होतं. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून रेडिओवरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. दुकानदाराने नवीन चाकांत साधे व्हॉल्व्ह टाकले होते. आमचे चारही सेन्सर जुन्या चाकांत, आणि जुनी चाकं चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, आईच्या तुळशीशेजारी!

तुमचंही असं झालं असेल तर आधी गाडीचं मॅन्युअल उघडा (हो, तेच ते, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं). सगळ्याच गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. काही गाड्या एबीएसवरून चाकांचा वेग मोजतात. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतं, त्यावरून त्यांना कळतं. अशा गाडीला चाकं बदलली की चारही टायर थंड असताना हवा नीट भरायची, मेनूतून रीसेट करायचं आणि थोडं फिरवून आणायचं. खर्च शून्य. स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसत असेल, तर मात्र बहुधा सेन्सरवालीच गाडी.

सेन्सरवाल्या गाडीत नुसते सेन्सर टाकूनही भागत नाही. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो आणि तो गाडीला शिकवावा लागतो. काही गाड्या पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या पोर्टला मशीन लावून शिकवावं लागतं. ऑनलाइन स्वस्तात मिळाले म्हणून अमेरिकन मॉडेलचे सेन्सर मागवाल तर फसाल. तिकडे ३१५ मेगाहर्ट्झचे बरेच असतात, आपल्याकडे सर्रास ४३३. गाडी एक स्टेशन लावून बसलीय, सेन्सर दुसऱ्यावर बोलतोय! आणि आतली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते, ती सहसा बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. म्हणून जुने सेन्सर नवीन चाकांत टाकण्याआधी मशीनवर तपासून घ्या. टायर रिमवरून उतरवायच्या आत "आत सेन्सर आहे" हे दुकानदाराला सांगा, पहार व्हॉल्व्हजवळ लागली की सेन्सर तुटलाच. स्टेपनी लावल्यावर दिवा लुकलुकला तर घाबरू नका, बऱ्याच स्टेपनीत सेन्सर नसतोच.

हे सगळं सुरू झालं ते एसयूव्हीमुळेच. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररच्या अपघातांनंतर फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांत टीपीएमएस सक्तीची झाली. हवा २५ टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, असा तिथला नियम. म्हणजे ३३ ची २५ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो, त्यामुळे महिन्यातून एकदा गेज लावायला पर्याय नाही. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलला: ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालतं. अशा गाडीत टीपीएमएस बंद ठेवून हायवेला जाणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

वाईहून परतल्यावर दादाने गॅलरीतली चाकं खाली आणली. गाडी सहा वर्षांची. चारपैकी तीन सेन्सर जिवंत निघाले, एक नवीन घ्यावा लागला. आता दिवा लागून विझेपर्यंत दादा गिअर टाकत नाही. टेपच्या गोंदाचा डाग मात्र काचेवर अजून आहे.