परवा म्हणजे कधी?

मराठीतला 'परवा' हा शब्द मोठा बिलंदर आहे. तो कालच्या आदला दिवसही असतो आणि उद्याच्या नंतरचाही! आपलं काही अडत नाही. पण आपलं बोलणं ऐकून कॉम्प्युटरला तारीख लिहून घ्यायची असेल तर?

समजा, गुरुवारी, १० सप्टेंबर २०२६ रोजी पेणच्या एका गणपती कारखान्यात फोन आला. चतुर्थी १४ तारखेला.

"मूर्ती न्यायला परवा येतो, साडेनऊला."

"परवा गर्दी आहे हो. आदल्या दिवशी या ना."

"बरं, पण मग अकराला."

'परवा' मागचा की पुढचा, हे बहुधा क्रियापद सांगतं. 'आलो होतो' असेल तर ८ तारीख, 'येईन' असेल तर १२. इथे मात्र 'येतो' आहे, म्हणजे रूप वर्तमानकाळाचं! शिवाय "परवा मी येतो, तर काय, कारखान्याला कुलूप!" या वाक्यातही तेच 'येतो', पण गोष्ट घडून गेलेली. म्हणून मूर्ती अजून न्यायची आहे हेही प्रोग्रामला कळावं लागतं. तेव्हा कुठे १२ तारीख मिळते.

'आदल्या दिवशी' मात्र फोनच्या दिवसापासून मोजायचं नाही, तर नुकत्याच ठरलेल्या १२ पासून. म्हणजे ११. आणि 'अकराला'? तारीख की वाजता? आधी 'साडेनऊला' आलं होतं, त्याच्या जागी हे आलं, म्हणून अकरा वाजता.

अशा संवादांवर बरंच संशोधन झालं आहे. जर्मनीच्या 'फेर्बमोबील' प्रकल्पाने (१९९३ ते २०००) भेटीची वेळ ठरवणाऱ्या बोलण्याचं भाषांतर हाती घेतलं. अमेरिकेत जेनिस वीब व सहकाऱ्यांनी १९९८ साली स्पॅनिश संवादांसाठी पद्धत मांडली: बोलण्यात आलेल्या वेळांची यादी ठेवायची आणि नवा शब्द आला की आधी सर्वांत अलीकडची वेळ लावून बघायची. वर १२ वरून ११ आपण असंच काढलं.

तरी फसगत होतेच. हॉस्टेलवर रात्री साडेबारा वाजता कोणी म्हणालं, "उद्या सकाळी सहाला उठव," तर रूममेटला बरोबर समजतं. पण घड्याळात तारीख केव्हाच बदललेली असते. नुसतं घड्याळ बघणारा प्रोग्राम चोवीस तास उशिरा उठवेल, आणि तोवर पेपर होऊन गेलेला असेल!

म्हणून चांगला प्रोग्राम शेवटी पूर्ण तारीख बोलून दाखवतो: "शुक्रवार, ११ सप्टेंबर, सकाळी ११ वाजता. बरोबर?" मूर्ती न्यायला ऐन गर्दीत येणाऱ्या गिऱ्हाईकाची खेप वाचते ती या एका प्रश्नाने.